तुमच्या खिडकीतनं काय दिसतं?

फोनवर कुणाला ‘नको’ म्हणायचं असलं, की आमचे घरमालक स्कूटर काढून त्या माणसाच्या दारात जात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चहाचा कप हातात तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले होते.

“फोनवर न्हाई म्हटलेलं त्यांना ऐकूच येत न्हाई, पोरी,” ते म्हणाले. “तू न्हाई म्हण, ती पुढचं वाक्य म्हणती. समोर हुभं राहून म्हणलं, की ऐकू येतं.”

सगळं पिंपळे सौदागर त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणायचे. मोठमोठ्या सोसायट्यांच्या मागे जुनं गावठाण आहे, तिथे त्यांचं चार मजली घर. खाली ते आणि त्यांची बायको, वर आम्ही भाडेकरू. मी परभणीहून आलेली, माणच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर. आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असायचं, त्यामुळे आबांचा दिवस माझ्या कानावर पडायचा.

तो दिवस फोनने सुरू व्हायचा. कर्ज पाहिजे का, विमा काढायचा का, जागा विकायची का, जागा घ्यायची का. गावात एकेकाळी जमीन असलेल्या माणसाचा नंबर जगातल्या सगळ्या दलालांकडे असतो, असं मला तेव्हा वाटायला लागलं. आबा फोन कापत नसत. शिव्याही देत नसत. समोरच्याची दोन वाक्यं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, “बाई, तुमी कुठनं बोलता?”

“मुंबईहून, सर.”

“मुंबई मोठी हाय. तुमच्या खिडकीतनं काय दिसतं?”

हा प्रश्न त्या मुलींना कुणी विचारलेला नसायचा. दिवसभर लोक त्यांच्यावर खेकसायचे, पण खिडकीतून काय दिसतं हे कुणी विचारत नसे. त्या गडबडून खिडकीकडे बघायच्या आणि खरं सांगून टाकायच्या. कुणी म्हणायची, समोर उड्डाणपूल आहे आणि खाली रसवंती. कुणी म्हणायची, हिरव्या काचेची इमारत आहे. “मंग ती मुंबई न्हाई, नाशिक फाटा हाय,” आबा म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून, टोपी नीट करून निघायचे. त्या कार्यालयात जाऊन, हात जोडून, “तुमचा फोन आला हुता. मला काय नको. एवढंच सांगाय आलो,” असं म्हणून परत यायचे. पाणी दिलं तर प्यायचे.

एकदा बांधकामाच्या एका साइटवर त्यांना गिऱ्हाईक समजून नमुन्याचा फ्लॅट दाखवला. आबांनी सगळ्या खोल्या बघितल्या, बाल्कनीत उभे राहिले, कॉफी घेतली, आणि विकणारा मुलगा मोठ्या आशेने पुढे झुकला तेव्हा म्हणाले, “छान हाय. आता फोन करू नका.” तो मुलगा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आला म्हणे, आणि त्या साइटवरून खरंच परत कधी फोन आला नाही.

कागदांचंही तेच. वर्तमानपत्रातून पडणारी, दाराच्या कडीला अडकवलेली, गेटमधून सरकवलेली जाहिरातीची पत्रकं ते गोळा करायचे, मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करायचे, आणि ज्याची त्याला नेऊन द्यायचे. रहाटणीच्या एका जिममध्ये मी त्यांना स्वतः पाहिलंय. घामाघूम झालेल्या पोरांच्या मधून हा सत्तरीचा माणूस चालत गेला आणि काउंटरवर पत्रक ठेवून म्हणाला, “तुमचा कागद आमच्या दारात पडला हुता.” तिथला ट्रेनर इतका चक्रावला की त्याने “थँक्यू, आबा” म्हटलं.

गेटवर त्यांनी रंगाने लिहिलं होतं: ‘घरात आजारी माणूस आहे. कागद टाकू नयेत.’ तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्या पाटीवरच सामान हलवणाऱ्या कुणीतरी आपला स्टिकर चिकटवून दिला. नेमका ‘आजारी’ या शब्दावर. आबा त्या स्टिकरसमोर बराच वेळ उभे होते. चिडलेले नव्हते. एखादा माणूस असं करू शकतो, हेच त्यांना झेपत नव्हतं.

ती आजारी व्यक्ती म्हणजे माई, आबांच्या पत्नी. मी तिथे राहायला गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं. डोळे तर इतके तरतरीत, की त्यांच्यासमोर खोटं बोलायची हिंमत होऊ नये. पण तोंडातून आवाज नाही. बोलायचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. “म्हणा, आ,” असं त्या म्हणाल्या की माई भिंतीकडे तोंड वळवायच्या. थोड्या दिवसांनी त्या बाई यायच्या बंद झाल्या. “तिला लहान पोरागत वागवलेलं चालत न्हाई,” आबा म्हणाले, आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

घरात जुना, तारेचा फोन होता. तो माईंच्या पलंगाशेजारी, डाव्या हाताला येईल असा ठेवलेला. तो काढून टाकणं शक्य नव्हतं, कारण आबा बाहेर गेले की त्यावरच फोन करायचे. माई रिसीव्हर उचलायच्या. आबा म्हणायचे, “मी हाय. भोसरीपातूर आलोय. अर्ध्या तासात पोचतो. ठेवतो.” माई नखाने रिसीव्हरवर टकटक करायच्या, की कळलं म्हणून. एवढा सगळा संवाद. आबांना त्या टकटकीचा फार आधार होता. आणि म्हणूनच बाकीच्या फोनांचा त्यांना इतका संताप यायचा. फोन वाजला की माई दचकते, तिची दुपारची झोप मोडते, असं ते म्हणायचे. झोप मोडणाऱ्यांना समोर जाऊन सांगण्यासाठीच ते दुपारी बाहेर पडायचे. तेवढा वेळ शेजारच्या वहिनी मधूनमधून डोकावायच्या.

मी वर काम करत बसलेली असायचे. दुपारी खाली फोन वाजायचा आणि दोन-तीन घंट्यांत थांबायचा. मला वाटायचं, समोरच्याने कापला असेल.

शेवटी मीच एक दिवस आबांना म्हटलं, “आबा, अशी किती ठिकाणी जाणार तुम्ही? माझ्या पद्धतीने करून बघू या.”

“तुझी पद्धत काय?”

मी त्यांना समजावलं. नको असलेल्या फोनांची सरकारी नोंदणी असते, ती केली. घरच्या फोनची केली, त्यांच्या मोबाइलचीही केली. जावयाने त्यांना ईमेलचा पत्ता काढून दिला होता, त्यात रोज ढिगाने जाहिराती यायच्या. आबा त्यांना पत्रं समजत होते. एका चपलांच्या दुकानाला त्यांनी चक्क उत्तर लिहिलं होतं: ‘आपले पत्र मिळाले. सध्या चपला आहेत. कळावे.’ मी त्यांना प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी ‘हे बंद करा’ कुठे लिहिलेलं असतं ते दाखवलं.

“एवढ्या बारीक अक्षरात?” आबा चष्मा वर करून म्हणाले. “आन् बोलवायचं तेवढं मोठ्या अक्षरात! हे काय वागणं झालं?”

काही आठवड्यांत खरंच शांतता झाली. ईमेल आटले. मोबाइल दिवसचे दिवस गप्प. पण घरच्या फोनवर एका ठिकाणचे फोन येतच राहिले. आबा घरी असताना एखादा यायचा, ते खिडकीचा प्रश्न विचारायचे, आणि दर वेळी मुलगी वेगळी असली तरी उत्तर तेच असायचं. खाली टायरांचा ढीग, समोर कंपनीची लांब पांढरी भिंत, भिंतीवर निळं घड्याळ.

“चाकण,” आबा म्हणाले. “ती भिंत मला म्हायती हाय. पोरी, उद्या तुझी गाडी काढशील का? त्या रस्त्यावर स्कूटर नेली तर ट्रकवाले मला चिरडून टाकतील.”

मी अर्धा दिवस रजा टाकली. भोसरी, मोशी, मग ती ट्रकची न संपणारी रांग.  वाटेत आबा एकदाच म्हणाले, “ह्यांना जरा कडक बोलणार हाय मी. आजारी बाईचं घर हाय म्हणून धा वेळा सांगून झालं.”

टायरांचा ढीग सापडला. दुकानाच्या बाजूने जिना होता. दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, प्लायवूडची खुराडी, आणि प्रत्येक खुराड्यात कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या, त्यामुळे एकीचंही काही कळत नव्हतं. टाय बांधलेला एक तरुण सुपरवायझर पुढे आला. वागायला सभ्य होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या.

आबा बसले नाहीत. “माझ्या घरी आजारी माणूस हाय,” ते म्हणाले. “तुमचे फोन बंद करा. नोंदणी केली तरी येत्यात. हा नंबर बघा.” आणि त्यांनी घरचा नंबर मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून सांगितला.

शेवटचा आकडा सांगून झाला आणि जवळच्या खुराड्यातल्या मुलीने हेडफोन काढला. मग तिच्या शेजारणीने. कुणीतरी हळूच म्हणालं, “आजींचा नंबर.” ते दोन शब्द पुढच्या रांगेत गेले, मग तिच्याही पुढे. एवढा गजबजलेला हॉल बघता बघता शांत झाला. सगळ्या आबांकडे बघत होत्या. मला काहीच कळेना. 

“काय म्हणाल्या ह्या?” आबांनी विचारलं.

सुपरवायझर घाईने म्हणाला, “काही नाही, सर, मी आत्ताच काढून टाकतो नंबर.”

“मी पोरींना विचारतोय.”

पहिली मुलगी उभी राहिली. विशीची असेल. नंतर कळलं, खेडच्या बाजूची होती. तिने ओढणीचं टोक हातात घट्ट धरलं होतं. “आम्ही नवीन लागलो ना, की पहिला फोन आजींना लावतो. प्रॅक्टिसला. लोक फार घाण बोलतात हो. पहिल्याच दिवशी ऐकलं की पोरी रडतात, सोडून जातात. आजी कधीच ओरडत नाहीत. कापत पण नाहीत. सगळं ऐकून घेतात.”

 आबांनी हॉलभर नजर फिरवली. “कुणी कुणी लावला हाय? हात वर करा.”

हात वर झाले. आधी घाबरत, एखाददुसरा. मग जवळजवळ सगळे. मागे दोन मुलगे होते, त्यांचेही. मी आयुष्यात असं दृश्य पाहिलं नव्हतं. त्या हॉलमधल्या जवळपास प्रत्येकाने आमच्या माईंशी बोलून नोकरीची सुरुवात केली होती, आणि माईंच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणाऱ्या मला त्याचा पत्ताही नव्हता.

आबांचा आवाज चढला. “लाजा वाटत न्हाईत? मुकी बाई सापडली म्हणून तिच्या कानात तुमी रोज...”

“मुक्या नाहीत आजी,” ती मुलगी म्हणाली. “हं म्हणतात की.”

आबा थांबले. “काय?”

“हं म्हणतात. आधी नव्हत्या म्हणत, नुसता श्वास यायचा. दिवाळीनंतर हं म्हणायला लागल्या.”

“कुणाला म्हणती?”

“आम्हाला. आम्हाला शिकवलंय तसं. प्रश्न विचारायचा, ‘बरोबर ना, मॅडम?’ म्हणायचं आणि थांबायचं. समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. आम्ही थांबतो. मग आजी हं म्हणतात.”

“थांबायचं,” आबा म्हणाले. ते त्या मुलीकडे बघत होते, पण ती त्यांना दिसत होती असं मला वाटलं नाही. सुपरवायझरने सरकवलेल्या खुर्चीवर ते हळूहळू बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मी थांबलोच न्हाई कधी,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “मी आपला सांगतो आन् ठेवतो.”

 आपल्या घरात असं काही महिनोन्‌महिने घडतं आणि आपल्याला ते टायरांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये परक्या मुलीकडून कळतं, हा धक्का कसा पचवायचा? आणि आबा तर रोज हेच फोन बंद करायला घरातून बाहेर पडत होते. ते बाहेर पडले, की फोन वाजत होता.

मुलीला काय वाटलं कोण जाणे. तिने सुपरवायझरकडे बघितलं. त्याने होकारार्थी मान डोलावली. तिने स्पीकर सुरू करून नंबर लावला. हॉलमध्ये घंटी वाजू लागली. दोन घंट्या झाल्या आणि फोन उचलला गेला. खरखर, आणि मागे आमच्या घरातल्या पंख्याचा आवाज. तो कुईकुई आवाज मी ओळखला.

“आजी, मी बोलतेय,” ती मुलगी म्हणाली. विमा नाही, कर्ज नाही. “रविवारी ताईला बघायला पाहुणे येणार होते ना? आले होते. आणि आजी, ताईने सगळ्यांसमोर काय केलं माहितीये?”

मग ती थांबली. सगळा हॉल थांबला.

“हं?” माई म्हणाल्या.

तो नुसता हुंकार नव्हता. त्यात चक्क प्रश्न होता, उत्सुकता होती. पुढे काय झालं ते लवकर सांग, असं त्या एका आवाजात होतं. इतक्या महिन्यांत त्या घरात राहून मी माईंचा आवाज प्रथमच ऐकत होते. तो जाडसर होता. माझ्या मनात का कोण जाणे, बारीक होता.

आबा उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. ते मुलीच्या टेबलावर दोन्ही हात टेकून त्या यंत्रावर ओरडले, “अगं, मी! मी हाय! तू बोलतीयास? ऐकू येतंय का तुला? मी हितं चाकणला आलोय, मी...”

पलीकडे शांतता. मग टकटक. नखाची, आबांसाठीची.

आबांनी पुढचं बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांनी स्वतःच्या ओठांवर हात दाबून धरला. ते थांबले. मी त्या माणसाला कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं. खाली एका ट्रकने हॉर्न दिला, कुणाच्या तरी हेडफोनमधून कुणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं, पण हॉलमधलं कुणी हललं नाही. पंखा कुईकुई करत राहिला. आबा थांबून राहिले.

मग स्पीकरमधून शब्द आला. अर्धा आधी, अर्धा नंतर.

“ठे... वा.”

आबांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने माझ्याकडे. सुपरवायझरने तोंडावर टाय धरला होता, तो हसत होता की रडत होता ते मला सांगता येणार नाही.

“आबा,” मी हळूच म्हटलं, “त्यांना ताईचं पुढचं ऐकायचंय.”

आबा दोन पावलं मागे सरकले. अगदी आज्ञाधारकपणे. मुलीने डोळे पुसले आणि पुढचं सांगायला घेतलं. पाहुण्यांसमोर ताईने ट्रे खाली ठेवला आणि मला अजून शिकायचंय म्हणून सांगितलं, वडील लाल झाले, आई आत जाऊन हसली. मध्ये मध्ये ती थांबत होती, आणि माई हं म्हणत होत्या. आबा भिंतीला टेकून उभ्या उभ्या ते सगळं ऐकत होते. कडक बोलायला आलेला माणूस निघताना त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून निघाला.

सुपरवायझरने शब्द पाळला. माईंचा नंबर प्रॅक्टिसला देणं त्याने बंद केलं, आणि घरचा फोन शांत झाला. त्या मुलीला मात्र आबांनी स्वतः सांगितलं होतं, काम संपलं की आपल्या फोनवरून लाव. ती लावायची. मी ते घर सोडेपर्यंत माईंना बरेच शब्द आले होते, सगळे तुटक, बहुतेक हुकूम. दुपारी आबा घरी असायचे. पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसायचे, काहीतरी विचारायचे, आणि मग ओठांवर हात ठेवून वाट बघायचे.

पण मला आठवतो तो चाकणहून परतल्याचा दिवस. आबांनी गाडी गावठाणाच्या तोंडाशीच थांबवायला लावली. घर पन्नास पावलांवर होतं, पण त्यांना सरळ घरी जाववेना. ते डेअरीत शिरले, तिथून बाहेर येऊन पिठाच्या गिरणीत, मग औषधाच्या दुकानात. मी मागोमाग. प्रत्येक ठिकाणी ते एकच सांगत होते, “मला ठेवा म्हणाली.”

औषधवाल्याला काही कळेना. “कोण म्हणालं, आबा? काय ठेवा?”

“आमची ही. फोन. मी बोलत हुतो, तर मला म्हणाली, फोन ठेवा!” आबा म्हणाले, आणि काउंटरला धरून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने रडले.